आजीचे शब्द कुठे गेले?

दोन्ही हातांच्या मुठी वळा आणि एकमेकींना चिकटवून धरा. तुमचा मेंदू साधारण एवढाच असतो. वजन १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण आपण नुसते बसून असलो तरी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ २० टक्के ऊर्जा हा एकटा घेतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात.

शाळेत मेंदूची आकृती काढायची, नावं लिहायची, मार्क मिळाले की धडा संपला. आमच्या घरात हा धडा दोन वर्षांपूर्वी पुन्हा उघडावा लागला, कारण आजीला स्ट्रोक आला.

आजी मूळची बेळगावची, लग्न होऊन म्हैसूरला आली. घरात मराठी आणि देवराज मार्केटमध्ये भाजीवाल्यांशी घासाघीस करायला फर्डी कन्नड. दिवसभर तिची बडबड चालू. त्या सकाळी ती चहा मागायला गेली आणि तोंडातून नुसतं "ते... ते..." आलं. उजव्या हातातली वाटी खाली पडली. ओठांचा उजवा कोपरा ओघळल्यासारखा दिसत होता.

बोलणं आणि उजवा हात एकाच वेळी कसे काय गेले? याचं उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. तुम्हीही ते एकदा समजून घ्या.

मेंदूचे ढोबळ तीन भाग. सगळ्यात वर अक्रोडासारखा सुरकुतलेला मोठा मेंदू. विचार, आठवणी, भाषा, बघणं, ऐकणं, ठरवून केलेल्या हालचाली ही सगळी त्याची कामं. त्याच्या मागे, खालच्या बाजूला छोटा मेंदू. तो आपला तोल सांभाळतो आणि हालचालींत सफाई आणतो. आणि या सगळ्याला मज्जारज्जूशी जोडणारा देठ. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं ही कामं तो आपल्याला न विचारता बघतो.

मोठ्या मेंदूचे डावा आणि उजवा असे दोन अर्धे भाग असतात. हालचालींचे आदेश नेणारे बहुतेक तंतू देठाच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात. म्हणून डावा मेंदू उजवा हात चालवतो आणि उजवा मेंदू डावा. भाषेचं मुख्य काम मात्र बहुतेक माणसांत डाव्याच भागाकडे असतं. डावखुऱ्यांपैकीही बऱ्याच जणांत असंच असतं. भाषेच्या आणि हात-चेहऱ्याच्या या दोन्ही जागांना मुख्यतः एकाच मोठ्या रक्तवाहिनीतून रक्त मिळतं. ती तुंबली की दोन्हीकडचा पुरवठा एकदम थांबतो. आजीचं तेच झालं होतं.

हे कोडं पहिल्यांदा सुटायला लागलं ते पॅरिसमध्ये, १८६१ साली. पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला. त्याला समोरच्याचं बोलणं कळायचं, पण स्वतःला फक्त "टॅन" एवढंच म्हणता यायचं. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा कपाळामागच्या डाव्या भागात इजा सापडली. पुढे १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निकेंनी दुसरी बाजू दाखवली. कानाजवळच्या डाव्या भागाला, मागच्या बाजूला इजा झाली तर माणूस भरभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ राहत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट कळत नाही. भाषा या दोनच ठिकाणी बसलेली नसते, ती बऱ्याच भागांनी मिळून चालते, हे आता माहीत आहे. पण बोलणं आणि समजणं यांतलं एक बिघडलं तरी दुसरं बरंचसं शाबूत असू शकतं, ही गोष्ट तेव्हापासून पक्की झाली.

मेंदूच्या इजेमुळे भाषा अशी बिघडते त्याला अफेजिया किंवा वाचाघात म्हणतात. आजीचा प्रकार पहिला होता. तिला जवळजवळ सगळं कळत होतं.

लोकांना मात्र ते कळत नव्हतं. भेटायला येणारे तिच्याशी मोठमोठ्याने बोलायचे, जणू तिला ऐकू येत नाही. कुणी लहान बाळाशी बोलावं तसं बोलायचे. एका नातेवाइकांनी तर तिच्या उशाशी बसून आईला म्हटलं, "आता काय, यांना काही समजत नाही. बघून वाईट वाटतं." आजीने भिंतीकडे तोंड फिरवलं. स्ट्रोकनंतर ती पहिल्यांदा रडली ती त्या दिवशी.

म्हैसूरमध्ये मानसगंगोत्रीला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. आम्ही लहानपणापासून तिच्यावरून जायचो. आत काय चालतं ते आजीला स्पीच थेरपीसाठी नेलं तेव्हा समजलं. तिथे विचारलेल्या पहिल्या प्रश्नांपैकी एक होता, "अज्जी घरात कोणती भाषा बोलायच्या?"

दोन भाषा येणाऱ्या माणसाची वाचा गेली, तर आधी कोणती भाषा परत येते? फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात यावर दोन मतं होती. रिबो म्हणत, लहानपणी शिकलेली. पित्र म्हणत, रोजच्या वापरातली. प्रत्यक्षात पुष्कळदा दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात. आजीचंही तसंच झालं. एके दिवशी "पाणी" यायचं, दुसऱ्या दिवशी "नीरु". जेवताना नको म्हणायला "पुरे" सापडलं नाही, की "साकु" यायचं. जो शब्द हाती लागेल तो आम्ही घेतला.

आणखी एक गोष्ट बघून आम्ही थक्क झालो. "पाणी" म्हणता न येणारी आजी देवापाशी दिवा लावल्यावर आईबरोबर शुभंकरोती म्हणायला लागली. पाठ असलेली प्रार्थना, गाणं, एक ते दहा आकडे हे पुष्कळदा टिकून राहतं, कारण ते दर वेळी नव्याने जुळवावं लागत नाही. गाण्यात मेंदूच्या उजव्या भागाचाही बराच वाटा असतो.

मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. पण सरावाने शाबूत भाग नव्या जोडण्या तयार करून काही कामं उचलतात. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, नंतर तो कमी होतो, पण थांबतोच असं नाही. आज आजी दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलते. मालिकेतल्या सुनेवर टीका करायला तेवढी पुरतात.

तुमच्या आसपास कुणाचा चेहरा अचानक एका बाजूला ओघळला, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर वाट बघू नका. पाणी, जेवण किंवा गोळी देऊ नका. गिळण्यातही बिघाड झालेला असू शकतो. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे.

आणि अशा कुणाला भेटायला गेलात, तर टीव्ही बंद करायला सांगा. समोर बसा, नेहमीच्या आवाजात, छोट्या वाक्यांत बोला. "चहा हवा की कॉफी?" विचारताना दोन्ही दाखवा. शब्द शोधत असतील तर त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थोडं थांबा. आमच्याकडे एका शब्दासाठी कधी कधी पूर्ण मिनिट लागतं. एवढा वेळ आपल्याकडे असतोच.