बेरीचा वास

नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागलात, की सीना नदीवरचा पूल येतो. तेच आमचं नागापूर. जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण एस.टी.तले आजोबा अजून ‘एक नगर द्या’ असंच म्हणतात! नदीच्या अंगाला जुनं गाव आणि पुढे एमआयडीसीचे कारखाने. सकाळी सातच्या आत रस्त्याने चालून बघा. पहिल्या पाळीची माणसं हँडलला डबा अडकवून निघालेली असतात. त्या गर्दीतून, मुलांनो, मी एकदा फडक्यात बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा घेऊन बेकरीकडे निघाले होते. डब्यात काय होतं, तेच आज सांगते.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, आजारातून उठले होते. डॉक्टर म्हणाले, आता भरपूर खाऊ द्या. पण अप्पांची जेवणावरची वासनाच उडालेली. दोन घास खाल्ले, की ताट सारायचे. वजन उतरत चाललं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र सफरचंदं आणायचा. आपल्याकडे ती रीतच आहे ना? आंबा हौसेनं खायचा, बोरं शाळेबाहेर खायची आणि सफरचंद आजारी माणसाला न्यायचं. टोपली भरली. अप्पा तिकडे बघून म्हणायचे, “ती उचला आधी. बघितली की दवाखाना आठवतो.”

यात सफरचंदाचा काय दोष? बिचारं काश्मीर नाही तर हिमाचलातून एवढा प्रवास करून येतं. या झाडाला थंडी लागते. हिवाळ्यात बरेच आठवडे गारठा मिळाला, तरच ते वसंतात नीट फुलतं. आमच्याकडची थंडी त्याला पुरत नाही. हिमाचलातल्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी जात तयार केली, तिची रोपं आता महाराष्ट्रातही लावतात. पण आमच्या टोपलीतली सफरचंदं लांबचीच होती, आणि आता ती पिठूळ व्हायला लागली होती.

अमेरिकेत घरोघरी सफरचंदाचा ‘क्रिस्प’ करतात. फोडींवर पीठ, लोणी नि साखरेचा चुरा पसरायचा आणि भट्टीत भाजायचा. इंग्लंडात अशाच पदार्थाला ‘क्रम्बल’ म्हणतात. त्यातली एक कृती मी वाचली : लोणी आधी तांबूस होईपर्यंत कढवा. वाचलं आणि हसू आलं. अहो, ही तर आपली बेरी!

तूप कढवताना आईजवळ उभे राहिलात, तर सगळं दिसेल. लोण्यात पाणी असतं, ते आधी चडचड आवाज करत उडून जातं. पाणी आहे तोवर लोण्याची उष्णता शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही. आवाज मंदावला, की ती झपाट्यानं चढते आणि तळाचे दुधाचे कण तांबूस होतात. प्रथिनं आणि साखर एकत्र तापून नवा रंग, नवा वास तयार होतो. लुई मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये हे मांडलं. भाकरीच्या पापुद्र्यावरचे खरपूस डाग त्याच गोष्टीचे. आपण तूप गाळून घेतो आणि तळाची बेरी साखर घालून मुलांच्या हातावर ठेवतो. इथे मात्र गाळायचं नाही.

पहिल्या खेपेला मी फसले. कढई गॅसवर ठेवून वह्या तपासत बसले. एवढ्यात बेरी काळी झाली, कडू जहर! ती तशीच वापरली असती, तर सगळं वाया गेलं असतं. म्हणून दुसऱ्या खेपेला हलले नाही. रंग बदामी झाला, की गॅस बंद करून लोणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतायचं, कारण तापलेली कढई पुढेही भाजतच राहते. (हे काम मोठ्यांनीच करायचं, बरं का! हे लोणी अंगावर उडालं तर वाईट भाजतं.)

मग चार सफरचंदांच्या साली काढून फोडी केल्या. काळ्या पडू नयेत म्हणून वर लिंबू पिळलं, चिमूटभर दालचिनी आणि दोन चमचे साखर घातली. चुऱ्यासाठी एक वाटी कणीक, अर्धी वाटी किसलेला गूळ, भाजून हातानं चुरलेले अर्धी वाटी जाडे पोहे. तिकडे ओट घालतात, मी पोहे घातले, जास्त कुरकुरीत होतात असं माझं मत. शंभर ग्रॅम लोणी कढवलं होतं, ते बेरीसकट त्यात ओतून बोटांनी कालवलं. मळायचं नाही, खडे राहू द्यायचे.

घरी ओव्हन नव्हता. वाळूच्या कढईत झाकण ठेवून करता येतं, पण झाकणाखाली वाफ कोंडते आणि वरचा थर मऊ पडतो. मग आठवलं, लहानपणी सुट्टीत मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन आम्ही बेकरीत जायचो आणि नानकटाई भाजून आणायचो. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांनाही आठवेल. म्हणून तो डबा घेऊन मी निघाले होते.

बेकरीवाल्या काकांनी फडकं उचलून वास घेतला. “पाव निघू द्या. भट्टी जरा उतरली की ठेवतो. आत्ता ठेवलं तर वरून करपेल नि आत कच्चं राहील.” तासाभरानं लांब दांड्याच्या फळीवरून डबा बाहेर आला. कडेनं रस बुडबुडत होता आणि वरचा थर तांबूस झाला होता. (घरी ओव्हन असेल, तर १८० अंशांवर साधारण पाऊण तास पुरतो.)

घरी आले, तर अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी काहीच बोलले नाही. डबा टेबलावर ठेवून फडकं सोडलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “तूप कढवलंस का गं? बेरी टाकू नकोस!”

उठून आले. वाटी घेतली, साखर मागितली नाही, सावकाश खात बसले. वाटी परत पुढे केली. मी आनंदानं भरायला गेले आणि बघते तर काय, सफरचंदाच्या फोडी सगळ्या वाटीच्या कडेला नीट रचून ठेवलेल्या!

“वरचंच दे,” अप्पा म्हणाले. “ती दवाखान्याची फळं तू खा.”

पुढच्या रविवारी मी सफरचंदं दोनच घेतली आणि चुरा दुप्पट केला.