तारा, तबकड्या आणि एक न छापलेले नाव

शिष्यवृत्तीचा हप्ता जमा झाला आणि संदर्भग्रंथाऐवजी मी बेस गिटारसाठी फ्लॅटवाउंड तारा घेतल्या. या उधळपट्टीला कारणीभूत इतिहासच.

राउंडवाउंड तारेत गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली असते. तिच्या खाचांवरून बोट सरकले की करकर ऐकू येते, नाद झळझळीत उमटतो. फ्लॅटवाउंडची गुंडाळी चपट्या पट्टीची. पृष्ठभाग गुळगुळीत, तीव्र उपस्वर दबलेले, नाद ऊबदार आणि एकसारखा.

हा नाद मी प्रथम ऐकला तो जेम्स जेमर्सन यांचा. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत ते १९६२च्या फेंडर प्रिसिजन बेसवर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा लावत आणि तुटल्याखेरीज बदलत नसत. मळलेली तार अधिकच बोथट वाजते. त्यांना तेच हवे होते. छेडत ते उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने! ‘माय गर्ल’ची सुरुवात ऐका.

मात्र त्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची मोटाउनची रीत नव्हती. १९७१च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर ती आली, तोवर साठचे दशक सरले होते. मोडी कागद वाचताना माझे असेच होते: हस्ताक्षर ओळखीचे होते, कारकुनाचे नाव काही सापडत नाही. जेमर्सन यांच्या बाबतीत निदान नाव हाती लागले, म्हणून त्यांच्या तारा लावून पाहाव्याशा वाटल्या.

ताण बराच आहे. आठवडाभर बोटे दुखताहेत. नादही अजून कोरा वाटतो. तारा बदलणार नाही.