मनोऱ्यावरून पाहिलेला इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे सनावळी, आणि सनावळी म्हटली म्हणजे डोकेदुखी, असें आमचे विद्यार्थी उघड बोलून दाखवितात. त्यांना आम्ही हेन्ड्रिक विलेम व्हॅन लून यांची ओळख करून देऊं इच्छितों. या गृहस्थांनीं मुलांकरितां इतिहास नुसता लिहिला नाहीं, आपल्याच हातानें चितारलाही.

हॉलंडांतील रॉटरडॅम बंदरीं १८८२ सालीं त्यांचा जन्म झाला. विसाव्या वर्षीं ते अमेरिकेस गेले. तेथें पदवी घेतली, १९०५ च्या रशियन क्रांतीच्या वार्ता वृत्तसंस्थेस धाडल्या, आणि १९११ मध्यें म्यूनिक येथें डॉक्टरेट मिळविली. १९२१ सालीं त्यांची ‘मनुष्यजातीची कथा’ प्रसिद्ध झाली. मुलांच्या उत्कृष्ट पुस्तकासाठीं अमेरिकेंतील न्यूबेरी पदक १९२२ त प्रथम देण्यांत आलें, तें याच पुस्तकास.

प्रस्तावनेंत ते आपल्या दोघां मुलांस लहानपणची एक गोष्ट सांगतात. बारातेरा वर्षांचे असतां एका आप्तानें त्यांना रॉटरडॅमच्या सेंट लॉरेन्स मंदिराच्या मनोऱ्यावर नेलें. आधीं काळोखी जिना, मग भलें मोठें घड्याळ, मग घंटा, आणि शेवटीं मोकळें आकाश व पायांखालीं सारें शहर! इतिहास हा त्यांना असाच मनोरा वाटला. चढण्याचे कष्ट ज्याचे त्यानेंच करावयाचे.

पुस्तकांतील चित्रें शाईच्या साध्या, ओबडधोबड रेघांचीं आहेत. आमचे चित्रकलेचे शिक्षक कदाचित् नाक मुरडतील. पण त्यांत जीव आहे. शेवटीं सनावळी आहेच, परंतु तीही चित्रांची! बुद्ध व कन्फ्यूशियस या दोघांस मिळून एकच प्रकरण दिलें आहे, हें मात्र आम्हांस रुचलें नाहीं. मनोरा युरोपांतला, म्हणून पूर्वेकडचें क्षितिज अंधुक दिसलें असावें.

१९३८ सालीं त्यांनीं हिटलरच्या ग्रंथास उत्तर देणारें पुस्तक लिहिलें. पुढें १४ मे १९४० रोजीं जर्मन विमानांनीं रॉटरडॅमवर बाँब टाकले. शहराचा मध्यभाग जळाला, सुमारें ८०,००० लोक बेघर झाले. मंदिरही जळालें, मनोरा तेवढा उभा राहिला. साठीकडे झुकलेले व्हॅन लून तेव्हां अमेरिकेंतून रेडिओवर डच भाषेंत आपल्या देशबांधवांशीं बोलूं लागले. ज्यांचीं घरें गेलीं त्यांना धीर देणें, हेंच आतां त्यांचें काम झालें.

११ मार्च १९४४ रोजीं ते वारले. हॉलंड पूर्णपणें मुक्त झालें तें मे १९४५ मध्यें, आणि त्या मंदिराची डागडुजी पुरी व्हावयास १९६८ साल उजाडलें.