पाण्यावरचे लाकडी घर

घोडनदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड. या दोन्ही तालुक्यांत नदी म्हणजे ऊस, मोटारी आणि पाण्याच्या पाळ्या. नदीवर रात्रीचा मुक्काम करायचा, ही कल्पना आपल्याकडे कुणाला सुचली नसती. पण दौंडच्या खाली भीमा उजनीच्या फुगवट्यात शिरते. थंडीत भिगवण, कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला गाड्यांची रांग लागते. मग कुणीतरी म्हणतेच, "इथे काश्मीरसारखी हाउसबोट का नको?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी काश्मीरची हाउसबोट कशी असते ते पाहायला हवे. आम्ही सहकुटुंब श्रीनगरला गेलो तेव्हा दल सरोवरात दोन रात्री राहिलो. दौंडमार्गे जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस ज्या नदीच्या नावाने धावते, त्या झेलमवर आणि दल-नगीन सरोवरांत ही घरे उभी आहेत.

त्यांचा जन्म एका अडचणीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोगरा राजवटीत बाहेरच्या लोकांना काश्मीरमध्ये जमीन घेता येत नसे. उन्हाळ्यात येणाऱ्या इंग्रजांनी मग पाण्यावरच घर थाटले. कारागिरी स्थानिकांची होती. हांजी समाजाची कुटुंबे आधीपासूनच 'डुंगा' नावाच्या नावेत संसार करत होती.

हाउसबोटीचा तळ सपाट असतो. त्यामुळे ती कमी पाण्यातही तरंगते आणि चालताना डुलत नाही. तळ आणि भिंती देवदाराच्या. या लाकडात तेलाचा अंश असल्याने ते पाण्यात सहजी कुजत नाही. पुढे कोरीव कठड्याचा ओटा, मग बैठक, जेवणाची खोली आणि शेवटी अरुंद बोळाला लागून झोपण्याच्या खोल्या. आगगाडीच्या डब्यासारखी सगळी मांडणी एका ओळीत. आमच्या मुलीने वर बोट दाखवले तेव्हा आमचे लक्ष छताकडे गेले. त्याला 'खतमबंद' म्हणतात. लाकडाचे छोटे तुकडे खाचांमध्ये एकमेकांत अडकवून तारे आणि बहुकोन साधायचे, खिळा जवळजवळ नाहीच. ही कला चौदाव्या शतकात हजरत शाह-ए-हमदान (रह.) यांच्याबरोबर आलेल्या कारागिरांनी इराणातून आणली, असे काश्मिरी लोक सांगतात.

नावेचे बांधकाम पाहताना हजरत नूह (अ.स.) यांची आठवण होणारच. कुरआनच्या सूरह कमरमध्ये त्यांच्या नौकेच्या वर्णनात फळ्या आणि खिळे यांचाच उल्लेख येतो. आणखी एक सोय आम्हाला जाणवली. हाउसबोट काठाला बांधलेली असते, ती फिरत नाही. त्यामुळे किब्ल्याची दिशा एकदा विचारून घेतली की मुक्कामभर प्रश्न नाही, आणि नमाजही उभे राहून निवांत होते.

केरळची रीत वेगळी. तिथल्या केट्टुवळ्ळममध्ये फळ्या काथ्याच्या दोरीने शिवतात आणि वर काजूच्या टरफलांपासून केलेला काळा लेप देतात. पूर्वी या नावा भात वाहून नेत, आता पाहुणे नेतात. आपल्या महाराष्ट्रातही तारकर्लीला कर्ली नदीवर पर्यटन महामंडळाने हाउसबोटी आणल्या.

मात्र लाकडी घराचा शत्रू पाणी नाही, आग आहे. ११ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे दल सरोवरात आग लागून काही हाउसबोटी जळाल्या आणि बांगलादेशातून आलेल्या तीन पर्यटकांचा मृत्यू झाला. कोरडे देवदार, शेजारी शेजारी बांधलेल्या नावा आणि बाहेर पडायला अरुंद वाट. सौंदर्य ज्यात आहे, धोकाही त्यातच आहे.

आता उजनीकडे येऊ. दलचे पाणी दरवाजांनी बरेचसे एका पातळीवर राखले जाते. उजनीचे तसे नाही. सुमारे ११७ टीएमसीचे हे धरण पावसाळ्यात तुडुंब भरते आणि उन्हाळ्यात 'वजा'त जाते. काठ दूर सरकतो, मध्ये चिखल उरतो, बुडालेले पळसदेवचे जुने मंदिर वर येते. काठाला बांधलेले घर इथे चिखलात बसेल. म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा आणि मागे-पुढे सरकवता येणारा तराफाच हवा. वाराही विसरता येत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती मुक्कामाची बोट नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्यांची होती. शिवाय हेच पाणी सोलापूरकर पितात. मैला पाण्यात सोडणारे घर इथे चालणारच नाही.

आणि ही गावे बुडाली तेव्हा ज्यांची घरे-शेते गेली, त्यांची मुले आज याच पाण्यात मासे धरतात, पक्षी दाखवायला होड्या चालवतात. उद्या इथे मुक्कामाची घरे आलीच, तर वल्हे आणि मिळकत त्यांच्या हाती राहायला हवी. दलवर हांजींना जे साधले, ते इथेही साधावे.

तोवर वाचक भगिनी-बंधूंनो, कुठेही पाण्यावर मुक्कामाला गेलात तर सामान उतरवण्याआधी चार गोष्टी विचारा: प्रत्येकाला, लहान मुलांनाही, लाइफ जॅकेट आहे का? दुसरी वाट कुठून आहे? शेगडी कुठे पेटते? मैला कुठे जातो? उत्तरे पटली तर बिस्मिल्लाह म्हणून पाय ठेवा.