जुने अंग, नवे काळीज

दार्जिलिंगहून मानेभंज्यांगला आम्ही पोचलो ते २०१४ च्या ऑक्टोबरात. भारत-नेपाळ सीमेवरचे हे टीचभर गाव. गावात शिरलो आणि मी जागीच खिळलो. रस्त्याच्या कडेला ओळीने जुन्या लँड रोव्हर उभ्या! १९४८ साली इंग्लंडात जन्मलेली ही गाडी. युद्धानंतर पोलादाची टंचाई, म्हणून हिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. चहामळ्यांच्या साहेबांबरोबर ती या डोंगरांत आली. साहेब गेले, ती राहिली.

"हिच्यात बसायचं?" सौभाग्यवती म्हणाली, "मी हिच्यापेक्षा तरुण आहे, तरी मला चढ झेपत नाही!"

ड्रायव्हरने बॉनेट उघडले आणि माझा विरस झाला. आत विलायती इंजिन नव्हतेच; होते महिंद्राचे डिझेल.

विरसाला कारण होते. साताऱ्याला आमच्या अंगणात नानांची विलीस जीप ताडपत्रीखाली उभी होती. धाकटा भाऊ चार वर्षे म्हणत होता, "दादा, इंजिन बदलू." मी म्हणत होतो, "नाना गेले, निदान त्यांचं इंजिन तरी राहू दे." नाना गेल्यापासून जीप फाटकाबाहेर पडली नव्हती, आणि दिवाळीलाही आम्ही दोघे मोजकेच बोलत होतो.

संदकफू तिथून एकतीस किलोमीटर. उंची ३६३६ मीटर. वाट बहुतेक दगडगोट्यांची. वर हवा इतकी विरळ, की साध्या इंजिनाचा तिसरा हिस्सा जोर जातो. आमच्या दाजूंच्या गाडीत मूळचे पेट्रोल इंजिन दोन लिटरचे. त्याच्या जागी आता अडीच लिटरचे डिझेल, कमी फेऱ्यांत जास्त ओढणारे. पण ते जड. म्हणून पुढच्या स्प्रिंगांना पाटे वाढवलेले, इंजिनाचे फाउंडेशन नव्याने वेल्ड केलेले, आणि गिअरबॉक्सशी जुळावे म्हणून मध्ये जाड तबकडी बसवलेली.

कालीपोखरीपुढे शेवटचा चढ तर भिंतच. एका वळणावर दाजूंनी गाडी थांबवली, मागे घेतली, पुन्हा पहिला गिअर टाकला. सौभाग्यवतीने माझे मनगट घट्ट धरले. गाडी मात्र खोकत नाही, थांबत नाही. बैलाच्या चालीने वर चढली!

पहाटे कांचनगंगा सोन्याची झाली. चहा घेता घेता मी विचारले, "दाजू, जुनं इंजिन कुठं आहे?"

"घरी. बाबांचं होतं ना, साब!"

"मग काढलंत कसं?"

दाजू हसले. "गाडीसुद्धा बाबांचीच आहे!"

मी पुढे काही बोललो नाही. मानेभंज्यांगला उतरल्यावर पहिला फोन भावाला केला. "आरटीओची परवानगी काढ आणि फिटरला बोलाव."

पलीकडे क्षणभर शांतता. मग हलकेच, "दादा, आणि नानांचं इंजिन?"

"माझ्या खोलीत ठेवू."

"खोलीत मुळीच नाही!" मागून सौभाग्यवती कडाडली.