पाण्याची पाळी आणि प्रयोगशाळेची किल्ली

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरांचा आहे. भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे एकेक करून मागे पडतात. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच डाळिंबाची बाग, आणि कुठे ना कुठे नीरेच्या डाव्या कालव्याची सोबत. आषाढी वारीला निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पंढरपूरला जाते. बेलवाडीला तिचे गोल रिंगण होते. देहू ते पंढरपूर ही वाट रोजच्या ठरलेल्या मुक्कामांत विभागलेली असते. आजचा मुक्काम चुकवून उद्या दुप्पट चालण्याची सोय त्या वारीत नाही.

या मुलुखाला शिस्त शिकवली ती पाण्याने. मूळचा हा अवर्षणाचा प्रदेश. 1880 च्या दशकात नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि माळरानाचे रूप पालटू लागले. पाणी आले तसे तंटेही आले. कालव्याच्या मुखाशी असलेल्याने पोटभर घ्यावे आणि शेपटाकडच्याने वाट पाहत बसावे, हा जुना अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी गटवार पाणीवाटपाची पद्धत आखली. ठरलेल्या क्षेत्राला, ठरलेल्या पाळीने, ठरलेले पाणी, हे तिचे सूत्र होते. आजही या भागात ‘आवर्तन’ आणि ‘पाळी’ हे शब्द घराघरांत ऐकू येतात, आणि चारीवर पाणी सोडणारा पाटकरी गावात महत्त्वाचा माणूस असतो. सर्वांना एकाच दिवशी पाणी हवे असेल तर कालवा कितीही मोठा असला तरी पुरत नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पाण्यामागोमाग शिक्षण आले. अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने 1962 साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू केले. संस्थेच्या नावाचा अर्थ या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. 1972 साली विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि पुढे विद्यानगरीचा विस्तीर्ण परिसर उभा राहिला. 2000 साली तिथे अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. इंदापुरातही विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या शिक्षणाची सोय झाली. ज्या मुलांच्या आजोबांनी शिक्षणासाठी पुणे गाठले, ती मुले आता सकाळची एसटी धरून महाविद्यालयात जातात आणि संध्याकाळी घरच्या दुकानात गल्ल्यावर बसतात.

गेल्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या रस्त्याने जाण्याचा योग आला. आमच्या नात्यातील एका कुटुंबाचे इंदापूर तालुक्यात खते-बियाण्यांचे दुकान आहे. त्यांचा मुलगा विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला. दुकानाच्या वीस ग्राहकांच्या शेतांतील माती तपासून तिची क्षारता नोंदवायची, असा त्याचा प्रकल्प होता. विषय उत्तमच म्हणायला हवा. कालव्याखालच्या जमिनींना पाणी अधिक आणि निचरा कमी झाला की क्षार वर येतात, पांढरे डाग दिसू लागतात. जमीन क्षारपड होण्याचा हा प्रश्न नीरा खोऱ्यात फार जुना आहे. मुलाने जानेवारीत उत्साहाने सहा शेतांची माती आणून तपासली. उरलेले चौदा नमुने गोळा करायला एप्रिल उजाडला. त्यांच्या पिशव्या माझ्या गाडीत ठेवून आम्ही दोघे महाविद्यालयात पोहोचलो. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. ते दृश्य या दिवसांत राज्यात कुठेही दिसले असते.

प्रयोगशाळेबाहेर तीस-चाळीस मुलांची गर्दी होती. कोणाचे जर्नल अपुरे, कोणाच्या प्रमाणपत्रावर सही नाही, कोणाला फक्त अर्ध्या तासासाठी तराजू हवा होता. आत एक प्रयोगशाळा सहाय्यक आणि एक परिचर, अशी दोनच माणसे. परिचरांना सारी मुले ‘मामा’ म्हणत होती. केस पिकलेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खांद्यावर पुसणे. ऊर्ध्वपातित जलाचे यंत्र सकाळपासून चालू होते, तरी पाणी पुरत नव्हते. ब्युरेट धुवायची, साठवणीची द्रावणे करायची, फुटलेल्या काचेची नोंद वहीत करायची आणि हे करताना दारातल्या प्रत्येकाला उत्तर द्यायचे, असे त्यांचे काम. पाटकऱ्याची आठवण झाली ती तिथेच.

‘‘मामा, एवढे चौदा नमुने आज लावून द्या ना. परवा सबमिशन आहे,’’ मुलगा म्हणाला.

मामांनी पिशवीत हात घालून माती बोटांनी चोळली. ‘‘अरे बाळा, ओली आहे ही. सावलीत वाळायलाच चार दिवस घेईल. मग कुटायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, पाण्यात कालवून ठेवायची, तेव्हा कुठे यंत्राला लावता येते.’’

‘‘ओव्हनमध्ये वाळवली तर?’’

‘‘वाळेल की. पण भाजल्यावर तिचा गुण बदलला, तर तो आकडा तुझ्या मातीचा का माझ्या ओव्हनचा?’’

निसर्गाने काही गोष्टींना आपले वेळापत्रक दिलेले आहे, आणि प्रयोगशाळा हे शिकण्याचीच जागा आहे. पाण्यातील जैविक प्रदूषण मोजणारी बी.ओ.डी. चाचणी 20 अंश तापमानाला पाच दिवस घेते. जिवाणूंची वाढ दिसायला साधारण चोवीस तास लागतात, बुरशीला त्याहून अधिक. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला काँक्रीटचा ठोकळा 28 दिवस पाण्यात ठेवावा लागतो, तेव्हाच त्याची खरी ताकद कळते. ज्याने महिनाअखेरच्या सबमिशनसाठी मध्यावर ठोकळा ओतला, त्याला कोणी कितीही मदत केली तरी अठ्ठाविसावा दिवस अलीकडे आणता येत नाही. ऊसकरी शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो. म्हणून भवानीनगरच्या कारखान्यापुढे हंगामात रात्रीबेरात्रीही वाहनांची रांग असते.

रांगेतला एक मित्र मदतीला आला. आवाज खाली करून म्हणाला, ‘‘सहांचे आकडे आहेत ना? बाकीचे त्यांच्या आसपास भरून टाक. कोण बघतंय?’’

मामांच्या कानांवर ते गेलेच. त्यांनी हातातले काम थांबवले नाही. मुलाकडे पाहून एवढेच विचारले, ‘‘तुमच्या दुकानात काटा आहे ना रे? गिऱ्हाईक बघत नसलं की तो बदलतो का?’’

मुलगा निरुत्तर झाला. त्याने वही उघडली आणि जानेवारीची सहा निरीक्षणे पुन्हा वाचू लागला. तेव्हा जे लक्षात आले, ते चौदा नमुन्यांच्या अडचणीहून गंभीर होते. सहापैकी एका शेताची क्षारता मर्यादेहून बरीच वर होती. हा आकडा अडीच महिने त्या वहीत पडून होता. शेतकऱ्याला तो कोणी कळवलाच नव्हता. अहवाल पूर्ण झाल्यावर सर्वांना एकदम द्यायचा, असे ठरले होते. मधल्या काळात, फेब्रुवारीत, त्या शेतकऱ्याने त्याच रानात सुरू उसाची लागण केली होती. त्यासाठीचे खत याच दुकानातून गेले होते, आणि तेही उधारीवर.

मुलाने तिथूनच वडिलांना फोन लावला. वडील क्षणभर गप्प राहिले असावेत. मग म्हणाले, ‘‘आज संध्याकाळी आपण दोघं त्यांच्या वस्तीवर जाऊ. आकडा तू सांगायचास.’’

व्यापाऱ्याच्या घरात उधारीचे शास्त्र लहानपणीच शिकवले जाते. माल आज उचलायचा आणि पैसे पुढे द्यायचे, यात गैर काही नाही. मात्र मधला काळ कोणीतरी आपल्या भांडवलावर सोसत असतो, हे विसरायचे नसते. काम पुढे ढकलणारा विद्यार्थीही अशीच उधारी करत असतो. ती सोसणारे मात्र त्याला दिसत नाहीत. अनेक महाविद्यालयांत शिक्षकेतर पदे रिक्त आहेत. जानेवारी ते मार्च रिकाम्या टेबलांची राखण करणारी माणसे एप्रिलमध्ये रात्री आठपर्यंत थांबतात. त्यांच्या घरीही जेवायला वाट पाहणारे असतात. आणि क्वचित, या मुलाच्या बाबतीत झाले तसे, ती उधारी तिऱ्हाइताच्या शेतात जाऊन पडते.

अनेकान्ताची सवय असलेल्या वाचकांनी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सत्र मुळात लहान असते. सर्व विषयांच्या सबमिशनच्या तारखा एकाच आठवड्यात येतात. मार्गदर्शकांची सही मिळायलाच कधी पंधरवडा जातो. दूरच्या गावातून येणाऱ्या मुलाला शेवटची एसटी गाठायची असते, आणि लग्नसराईत किंवा हंगामात दुकानाला त्याचे दोन हात लागतात. त्यातच माणसाचा स्वभाव असा की स्वतःच्या कामाचा अंदाज तो नेहमी कमीच करतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले होते की काम किती दिवसांत संपेल. सरासरी उत्तर सुमारे 34 दिवसांचे होते. प्रत्यक्षात लागले 55 हून अधिक. सारे काही बिघडले तर किती दिवस लागतील, याही प्रश्नाचे उत्तर 49 दिवसांच्या आतच होते. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील विद्यार्थी काही आळशी नव्हते. वाईटात वाईट कल्पनाही त्यांना वास्तवापर्यंत नेऊ शकली नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून केवळ रागावून उपयोग होत नाही. व्यवस्था लावावी लागते.

व्यवस्था म्हणजे काय, याचे उदाहरण याच तालुक्यात आहे. परतताना आम्ही जंक्शनवरून वालचंदनगरकडे वळलो. सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी 1930 च्या दशकात इथल्या माळावर साखर कारखाना आणि त्याभोवती नगर वसवले. साखरेच्या यंत्रांपासून सुरू झालेली इथली अभियांत्रिकी पुढे इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरींचे पोलादी आवरण घडवण्यापर्यंत पोहोचली. अशा कामात साऱ्या तपासण्या शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवता येत नाहीत. सांध्याची तपासणी सांधा जोडल्यावर करायची, मापाची तपासणी कातकाम झाल्यावर. पुढचा टप्पा मागच्याच्या नोंदीवर उभा राहतो. मुलगा त्या उंच धुराड्याकडे पाहत म्हणाला, ‘‘काका, आम्हालाही कोणीतरी दर पंधरा दिवसांनी वही मागितली असती, तर बरं झालं असतं.’’

ही मागणी साधी आहे आणि ती पुरवण्यासाठी महाविद्यालयाचीच वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या घरांत रोजमेळ रोज लिहिला जातो. ज्या घरात मूल शेवटच्या वर्षाला आहे, तिथे दर पंधरवड्याला त्याच्या प्रकल्पाची वहीही रोजमेळाशेजारी उघडावी. ‘‘अभ्यास झाला का?’’ असा मोघम प्रश्न न करता ‘‘या पंधरवड्यात काय मोजलेस? आकडा किती आला? तो कोणाला कळवायचा आहे का?’’ असे विचारावे. विषय आपल्याला न कळणारा असला तरी हरकत नाही. आकडा आहे की नाही, हे व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. महाविद्यालयांनीही पाटकऱ्याचा धडा घ्यावा. जानेवारीतच प्रत्येक गटाला यंत्राची पाळी लावून द्यावी, आणि पाळी चुकवणाऱ्याला शेवटच्या आठवड्यात इतरांच्या आधी पाणी मिळणार नाही, हे त्याच दिवशी सांगावे.

त्या मुलाच्या प्रकल्पाचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. मार्गदर्शक प्राध्यापिकांनी शीर्षकातील ‘वीस’ खोडून ‘सहा’ करायला परवानगी दिली; गुण कमी होतील, हेही स्पष्ट सांगितले. त्याने सहाच नमुन्यांचा अहवाल दिला आणि बाकीचे का झाले नाहीत, ते एका परिच्छेदात लिहिले. परीक्षा संपल्यावर चौदा पिशव्या सावलीत पसरून वाळवल्या आणि मामांना विचारून, गर्दी नसलेल्या दिवसांत, एकेक करून तपासल्या. त्या आकड्यांना आता गुण मिळणार नव्हते. चौदा शेतकऱ्यांना ते चिठ्ठीवर लिहून दुकानातून देण्यात आले.

क्षारपड निघालेल्या रानाचा मालक मे महिन्यात दुकानात आला होता. त्याने शेताच्या कडेने निचऱ्याचा चर खणायला घेतला होता, आणि हा ऊस निघाला की धैंचा पेरून गाडायचा त्याचा विचार होता. यंदाच्या उसाचे जे व्हायचे ते होईल, असे तो म्हणाला. दुकानदारांनी त्याच्या खात्यातील खताची रक्कम काढली आणि निम्मी स्वतःकडे लावून घेतली. मुलगा शेजारी उभा राहून वहीत ती नोंद करत होता.