हिमगौरी

आमच्याकडच्या पांढऱ्या गुलाबाबद्दल गेल्या दोन महिन्यांत इतक्या जणांनी विचारलं, की प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. शाळेत एकच शंका पाच मुलांनी विचारली, की मी ती सरळ फळ्यावर घ्यायची. तसंच समजा!

तर मंडळी, ह्या गुलाबाचं नाव ‘आइसबर्ग’. जात फ्लोरिबंडा. आपण फुलवाल्याकडे पाहतो तो लांब दांड्याचा, एका दांड्यावर एकच डौलदार फूल असलेला गुलाब बहुधा ‘हायब्रिड टी’ जातीचा किंवा तिच्या गोतावळ्यातला असतो. फ्लोरिबंडाची तऱ्हा वेगळी. एका फांदीच्या टोकाला पाच, सात, कधी दहा-बारा कळ्यांचा झुबका येतो. प्रत्येक फूल मध्यम आकाराचं, पण सगळी मिळून झाड भरून टाकतात. डेन्मार्कमधल्या पोल्सेन घराण्याने झुबक्यांनी फुलणारे चिवट, बुटके पॉलिअँथा गुलाब आणि हायब्रिड टी यांचे संकर केले. त्यातून १९२४ साली ‘एल्स पोल्सेन’ हा गुलाब आला आणि ह्या घराण्याची वाट रुळली. थंड मुलुखातही तग धरेल आणि भरपूर फुलेल असं झाड त्यांना हवं होतं.

आइसबर्ग हा जर्मनीतल्या राइमर कॉर्डेस यांचा, १९५८ सालचा. जर्मन भाषेत त्याचं नाव ‘श्नीविटशेन’, म्हणजे सात बुटक्यांच्या गोष्टीतली राजकन्या. तिला आपण मराठीत काय म्हणतो? हिमगौरी! हे कळल्या दिवसापासून आमच्या घरात आइसबर्ग हे नाव बंद झालं. बर्फाचा डोंगर कुठे आणि हिमगौरी कुठे. १९८३ साली जागतिक गुलाब संघाने तिला जगाचा आवडता गुलाब म्हणून मान दिला.

आता ही आमच्याकडे कशी आली ते सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

आमचं घर कोथरूडला तळमजल्यावर. मागे दहा फूट बाय सहा फुटांची जमीन. तिथे गेली चाळीस वर्षं राज्य होतं ते ह्यांच्या गुलाबांचं, आणि ते गुलाब सगळे हायब्रिड टी. ‘पीस’, ‘फर्स्ट प्राइझ’, ‘क्रिश्चन डिओर’. प्रदर्शनात मांडायचे ते. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, पण गुलाबांचे तितकेच वेडे. त्यांचं १९६६ सालचं ‘द रोझ इन इंडिया’ हे पुस्तक ह्यांच्या उशाशी असायचं. नव्या नवरीला दागिने दाखवावेत तसं ह्यांनी मला लग्नानंतर त्या पुस्तकातली चित्रं दाखवली होती.

प्रदर्शनाचा गुलाब म्हणजे काटेकोरपणाचा खेळ. फांदी कापायची ती बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या बरोबर पाव इंच वर, आणि तिरकी. दांड्यावर मुख्य कळीच्या बगलेत ज्या लहान कळ्या येतात, त्या मटाराएवढ्या व्हायच्या आत नखाने खुडायच्या, म्हणजे सगळी ताकद एका कळीला मिळते. नख जरा घसरलं आणि मुख्य कळीच मोडली, तर त्या दांड्याचा महिना-दीड महिना फुकट. ह्यांचं नख कधी घसरलं नाही.

२०१८ साली ह्यांना कंपवाताचं निदान झालं. आधी उजवा हात, मग डावा. औषधांनी बराच फरक पडतो, पण सही करताना, शर्टाची बटणं लावताना आणि कळ्या खुडताना हात ऐकत नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ह्यांनी छाटणीला कात्री घेतली आणि दहा मिनिटांत खाली ठेवली. बोलले काहीच नाहीत. त्यानंतर हे मागच्या दारात बसेनासे झाले. खुर्ची उचलून पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर. माळी लावू का विचारलं तर म्हणाले, “दुसऱ्याच्या हातचे गुलाब बघायला एम्प्रेस गार्डनला जाता येतं की!”

मला बागेतलं फार कळत नाही. पण ज्या मुलाला वळणदार अक्षर जमत नाही, त्याने लिहिणंच सोडू नये, एवढं शाळेतल्या इतक्या वर्षांत कळलं होतं. मी नर्सरीत जाऊन विचारलं, “हात थरथरतो अशा माणसाला जमेल असा गुलाब द्या.” नर्सरीवाला हसला नाही. त्याने फांदीवरून माझं बोट फिरवलं. काटे अगदी थोडे! म्हणाला, “हे न्या आजी. कसंही कापलं तरी फुलतं.” २०१९ च्या सप्टेंबरअखेर आम्ही दोन झाडं लावली.

आता लागवडीबद्दल, कारण निम्म्या फोनांत हाच प्रश्न असतो.

जागा अशी हवी की किमान पाच-सहा तास ऊन मिळेल. आमच्याकडे सकाळी सातपासून एकपर्यंत मिळतं, तेवढं पुरतं. खड्डा दीड फूट खोल, दीड फूट रुंद. पुण्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि गुलाबाची मुळं कुजतात, म्हणून निम्मी माती काढून तिथे लाल माती, थोडी वाळू आणि दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत. वर मूठभर निंबोळी पेंड. डोळा भरलेली जागा, म्हणजे कलमाचा सांधा, मातीच्या वर राहू द्यायचा. सांध्याच्या खालून कोंब आला तर तो खुंटाचा रानटी फुटवा. तो लगेच मुळाशी ओढून काढायचा, नाहीतर काही महिन्यांत हिमगौरी जाते आणि खुंटच माजतो.

कुंडीत लावणार असाल तर निदान चौदा इंची घ्या. झाड आम्ही तीन फुटांवर राखलं आहे. पसाराही जवळजवळ तेवढाच, म्हणून दोन झाडांत तीन फूट अंतर ठेवा. पाणी आळ्यात, बुंध्याशी. पानांवर नको. हिवाळ्यात दोन दिवसांआड, एप्रिल-मेमध्ये रोज.

छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस नक्की गेला की. वाळकं आणि काडीसारखं बारीक आधी काढायचं, मग राहिलेल्या झाडाची वरची तिसरा हिस्सा उंची कमी करायची. साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी, पहिला बहर. त्यानंतर झुबका सुकला की दोन पानांसकट खाली कापायचा, की नवा फुटवा येतो. असं चक्र उन्हाळ्यापर्यंत चालू राहतं.

दोषही सांगायला हवेत. जून-जुलैत काळे ठिपके पडून पानं गळतात, झाड ओकंबोकं दिसतं. गळलेली पानं तिथे कुजू द्यायची नाहीत, उचलायची. फुलांवर पावसाचे थेंब बसले की पाकळ्यांवर गुलाबी ठिपके उमटतात. थंडीत कधी भुरी येते, मार्चनंतर फुलकिडे. वासही मंदच, देशी गुलाबासारखा घमघमाट नाही. पण पावसाळ्यात निष्पर्ण झालेलं झाड ऑक्टोबरात पुन्हा हिरवं होतं. पाच-सहा वर्षं हे पाहते आहे.

तर, पहिली छाटणी २०२० च्या ऑक्टोबरात झाली. कोविडमुळे कोणी घरात येत नव्हतं. मी कात्री ह्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, “अहो, मला डोळा दिसत नाही, कुठे कापू ते सांगा.” आधी नुसतं बोटाने दाखवलं. मग माझं कापणं बघवेना म्हणून कात्री हातात घेतली. हात थरथरत होता. एक काप डोळ्याच्या इंचभर वर गेला, एक सरळ आडवाच, एक फांदी तर हवी होती तीच गेली. ह्यांनी मान हलवली. हायब्रिड टीच्या काळात असला काप मारणाऱ्याला ह्यांनी बागेत उभंच केलं नसतं. पण नोव्हेंबरअखेर झाड असं फुललं, की कुठला काप तिरका आणि कुठला आडवा, ते ओळखूच येईना. इंचभर राहिलेला खुंट तेवढा वाळला. तो पुढच्या वेळी काढला.

दोन-तीन बहर गेल्यावर ह्यांनी एक गोष्ट शिकवली. फ्लोरिबंडाच्या झुबक्यात मधली कळी सगळ्यांत आधी उमलते आणि बाकीच्या उमलेपर्यंत सुकूनही जाते. म्हणून ती मधली कळीच लहान असताना खुडायची. मग बाकीच्या सगळ्या जवळजवळ एकदम उमलतात. “चाळीस वर्षं बाजूच्या कळ्या खुडल्या,” हे म्हणाले, “आता मधली खुडायची!” आणि हसले. मला मात्र गुणवत्ता यादी आठवली. एका मुलासाठी जादा तास, आणि मागच्या तीन बाकांवरच्या मुलांना त्या वेळात शुद्धलेखन. माझ्या वर्गांतून यादीत आलेली मुलं तीन. दिवाळीत आवर्जून फोन येतात ते बहुतेक मागच्या बाकांवरचे. असो.

मधली कळी खुडताना ह्यांच्या बोटांत कधी शेजारची एखादीही येते. पूर्वी ते घरभर अशुभ घडल्यासारखं झालं असतं. आता हे ती कळी माझ्या तळहातावर ठेवतात आणि पुढच्या झुबक्याकडे वळतात. आठ कळ्यांतली एक गेली, सात आहेत की.

‘कमी कष्टाचा गुलाब’ असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं लावून विसरून जायचा. तसं नाही. कष्ट आहेतच. फक्त त्या कष्टांत हात चुकला तर झाड रुसत नाही. माणसाला काम करू देणारं झाड आणि माणसाकडून अचूकपणा मागणारं झाड ह्यांतला फरक मला ह्या वयात कळला. डॉक्टर हातांचे व्यायाम सांगतात, ते आम्ही करतोच. दुखणं आपल्या वाटेने पुढे जातं आहे, ते गुलाबाने थांबत नाही. ह्या वर्षी कात्री दोन्ही हातांनी धरावी लागते. सकाळच्या औषधाचा अंमल चांगला असतो तेवढा तासभर हे बागेत असतात, बाकी वेळ मागच्या दारात खुर्चीवर बसून मला सूचना. सूचना मात्र अजून तितक्याच काटेकोर!

‘पीस’चं एक जुनं झाड कोपऱ्यात अजून आहे. त्याच्या बगलेतल्या कळ्या आता कोणी खुडत नाही. फुलं लहान येतात, पण येतात. ह्यांनी ते काढू दिलं नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

ज्यांना रोप हवं आहे त्यांच्यासाठी: छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्यांचे सहा-सात इंची तुकडे निम्मे मातीत खोचून, सावलीत, ओलसर ठेवले तर त्यांतले काही जगतात. मागच्या वर्षी दहांतले चार जगले, त्यांतला एक नाशिकला जाऊबाईंकडे फुलतो आहे. कात्री चालते ती सकाळी नऊ ते दहा. छाटणीच्या वेळी त्या वेळेत या, फांद्या घेऊन जा. आणि कृपा करून “काका, मी कापून देऊ का?” असं विचारू नका. चहा घ्या, बसा आणि बघा.